पायथ्याशी जोडलेला पलंग

दालनात अकरा पलंग होते. त्यांतले नऊ चालू होते, एकाची तार सुटलेली होती आणि एकावर ‘विकला गेला’ अशी पाटी माणसासारखी उताणी निजवलेली होती. उशा बावीस. खिडकी एकही नाही. माणसं पाच : विक्रेती, कोपऱ्यातल्या पलंगावर एकमेकांना रिमोटने वरखाली करत खिदळणारं एक नवं जोडपं, तो आणि त्याची बायको. हे सगळं त्याने दारातून आत येतायेताच मोजून टाकलं. कुठल्याही खोलीत शिरलं की आधी मोजदाद आणि मग माणसं, ही सवय त्याला नोकरीने लावली होती. तो लिफ्टचा तपासनीस होता. लिफ्टमध्ये किती माणसं मावतात, हे लिफ्टमधल्या माणसांना ठाऊक नसतं. ते त्याला ठाऊक असावं लागे.

“झोपेचा त्रास नक्की कुणाला आहे, सर?” विक्रेतीने विचारलं. पंचविशीची, चुणचुणीत मुलगी. दिवसभर निजण्याबद्दल बोलून तिच्या डोळ्यांवर मात्र झोपेचा मागमूस नव्हता.

“ह्यांना कसला त्रास?” बायको म्हणाली. “हे निमित्त. त्रास मला.”

विक्रेती हसली. असं उत्तर तिला रोज मिळत असणार.

“म्हणजे कसं आहे,” बायको सांगू लागली, “मला झोपायला सपाट लागतं. टेबलासारखं. ह्यांना उशाकडून उंच हवं, नाहीतर घोरतात. आणि माझं काम कानाचं आहे हो. दिवसभर बंद खोलीत बसून बारीकातली बारीक शिट्टी लोकांना ऐकू येते की नाही ते बघायचं. आणि रात्री घरी येऊन पडायचं ते ह्या कारखान्याच्या शेजारी.”

“मग इतकी वर्षं काय केलंत, मॅडम?”

“टाच लावते.”

“म्हणजे?”

“म्हणजे पाय सरकवायचा आणि ह्यांच्या नडगीवर टाच दाबून धरायची. वाऱ्याने दार हलत असलं तर आपण पायाने अडवतो ना, तसं. दाबली की कुशीवर वळतात आणि गप. आता तर मला डोळेसुद्धा उघडावे लागत नाहीत. पायाला सवय झालीय.”

तो त्या वेळी वाकून पलंगाचं चाक बघत होता. चाकाला कुलूप होतं. त्याने ते अंगठ्याने उघडलं आणि परत लावलं. कधीकधी लिफ्ट मजल्याच्या दोन-तीन बोटं खाली थांबलेली असते आणि आपल्याला ते माहीत नसतं. पाऊल सपाटीच्या भरवशावर पडतं, जमीन जिथे असायला हवी तिथे नसते, आणि काळजाचा एक ठोका मधल्यामध्ये लोंबकळत राहतो. पडत कुणी नाही. लोक मागे वळून लिफ्टकडे रागाने बघतात आणि पुढे जातात. तोही उभा राहिला, गुडघे झटकले आणि म्हणाला, “चाकं चांगली आहेत.”

“झोपून बघा ना, सर.”

तो झोपला. बूट काढून, पाय पलंगाबाहेर राहणार नाहीत असे जुळवून, हात पोटावर. रिमोट बायकोच्या हातात होता. तिने एक बटण दाबलं आणि त्याच्या पाठीखालून काहीतरी मुकाट उचलायला लागलं. मोटर चांगली होती, धक्का नाही, कुरकुर नाही. छत खाली सरकलं आणि समोरची भिंत दिसायला लागली, मग भिंतीवरची तसबीर : पांढऱ्या चादरीवर एक पुरुष आणि एक बाई, दोघं दोन वेगळ्या कोनांत, दोघं हसतायत. नडगी, तो मनात म्हणाला. नडगीवर मांस नसतं, नुसतं कातडं आणि हाड; स्पर्श तिथे थेट हाडालाच होतो. म्हणून तर त्याला ती टाच इतकी नेमकी आठवत होती. थोडी खरखरीत, थंडीत गार, इतर वेळी कोमट, कडेला एक घट्टा. तिच्या चेहऱ्याचं वर्णन त्याला कुणी मागितलं असतं तर तो अडखळला असता. टाचेचं त्याने झोपेतही सांगितलं असतं. दिवसा ती त्याला हात लावत नसे. भांडण नव्हतं, तिरस्कारही नव्हता; तिला ती सवयच नव्हती. एका बशीतून चमचे उचलताना बोटं लागली तर ती “सॉरी” म्हणे, जणू अनोळखी माणसाच्या पायावर पाय पडला. लग्न झालं तेव्हा त्याला वाटलं होतं, लाजते. पुढे वाटलं, दमते. मग ज्या वर्षी ती चौकशी झाली त्या वर्षी पहिल्यांदा टाच आली, आणि त्यानंतर त्याला काहीच वाटून घ्यायची गरज उरली नाही.

त्याने पास केलेली एक लिफ्ट अर्धा मजला कोसळली होती. आत एक पोस्टमन होता. त्याचे दोन्ही पाय मोडले. दोरखंड त्याने तपासला होता, खरोखरच तपासला होता, पण चौकशी करणारे साहेब टेबलापलीकडून पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारत, आणि एकच उत्तर दहा वेळा दिलं की ते आपल्यालाच खोटं वाटायला लागतं. त्या दिवसांत त्याला झोप नव्हती. अंथरुणावर उताणा पडून तो तो दोरखंड डोळ्यांपुढून वीत-वीत सरकवायचा. ती शेजारी पाठमोरी. अशाच एका रात्री तिचा पाय मागे सरकला, टाच त्याच्या नडगीवर आली आणि थांबली. नुसती थांबली. ती काही बोलली नाही, वळली नाही. ‘मी आहे’ एवढंच माणसाला म्हणायचं असलं तर त्याला शब्द कशाला लागतात, असं त्याच्या मनात आलं आणि त्याचे डोळे भरून आले. त्या रात्री तो झोपला. पुढे चौकशीतून सुटलाही, दोरखंडात बनवतानाचाच दोष निघाला. पण साहेबांनी सोडलं त्याच्या आधी टाचेने सोडलं होतं, असा त्याचा हिशेब होता.

“आता किती उंच वाटतंय, सर?”

“पस्तीस अंश,” तो म्हणाला.

विक्रेतीने रिमोटवर पाहिलं. “बरोबर! कसं ओळखलंत?”

“त्यांना अंश कळतात,” बायको म्हणाली. “बाकी विचारू नका.” आणि तिने पायाकडचं बटण दाबलं. गुडघे वर आले, तो मधून दुमडत गेला. पोटाची वळी शर्टाच्या दोन बटणांमधून बाहेर डोकावली. “हे बघा. घडी घालून कपाटातसुद्धा ठेवता येतील.” कोपऱ्यातलं जोडपं फिस्सकन हसलं. त्यातली मुलगी तोंडावर उशी धरून म्हणाली, “बघ हं, तुझीपण हीच गत करणार मी.” विक्रेती ओठ दाबून दुसरीकडे बघत होती. तोही हसला. न हसणारा माणूस अशा वेळी जास्त हास्यास्पद दिसतो, एवढं त्याला कळत होतं.

घोरण्याचं त्याला माहीत होतं, नव्हतं असं नाही. स्वतःच्याच घोरण्याने एकदा त्याला जाग आली होती आणि त्याच क्षणी टाच आली होती. पण त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष वेगळा होता, आणि आता पस्तीस अंशांवर दुमडून पडलेला असताना त्याला तो निष्कर्ष आपल्या खात्यातल्या एखाद्या नवशिक्या पोराच्या अहवालासारखा स्पष्ट वाचता येत होता. त्याने मांडणी अशी केली होती : ती दिवसा शिवत नाही, कारण तिला संकोच वाटतो. आपण झोपलो आहोत अशी खात्री झाली की मगच तिचा पाय धीर करतो. आणि माणूस झोपला याची खात्री कशाने होते? घोरण्याने. म्हणजे घोरणं हे कारण नव्हे, नुसती खूण. किती सुबक! आणि याचा पडताळा कसा घ्यायचा, ते त्याला धंद्याने शिकवलं होतं. लिफ्टला एक ब्रेक असतो, वेग भलताच वाढला की लिफ्टला जागच्या जागी पकडणारा. तो तपासायचा तर खरी लिफ्ट कोसळण्याची वाट बघत बसता येत नाही. वरच्या खोलीत जाऊन हाताने खटका पाडायचा, लिफ्टला खोटंच सांगायचं की तू कोसळते आहेस, आणि ती थांबते का ते बघायचं. तीनदा करायचं. तिन्ही वेळा तेच उत्तर आलं की सही. त्याने तेच केलं. जागा असताना, आणि एकटं वाटत असताना, तो घोरू लागला. आधी हळू, मग दणदणीत, मग शेवटी एक फुरफुर जोडून. आणि टाच येई. दर वेळी येई. अशा किती रात्री गेल्या ते त्याने मोजलं नव्हतं. मोजलं नाही अशी त्याच्या आयुष्यातली ती एकच गोष्ट असावी. बढती हुकली त्या रात्री. मुलगी शिकायला दूर गेली आणि तिची खोली रिकामी झाली त्या रात्री. डॉक्टरांनी छातीच्या फोटोवरचा एक डाग बोटाने दाखवला आणि दहा दिवसांनी म्हणाले काही नाही, त्या दहाही रात्री. पन्नाशीचा माणूस, सरकारी शिक्का बाळगणारा, अंधारात डोळे उघडे ठेवून घोरत होता.

“आता प्रकार सांगते,” विक्रेती म्हणाली. “तीन आहेत. एक, सबंध : दोघांना मिळून एकच गादी, उठली तर दोघांची उठणार. तो तुमच्या कामाचा नाही. दुसरा, पूर्ण वेगळा : दोन गाद्या, दोन मोटर, मध्ये फट, वाटलं तर ढकलून लांबही करता येतात. आणि तिसरा, पायथ्याशी जोडलेला. उशाकडून कमरेपर्यंत दोन भाग, सर वर, मॅडम सपाट. कमरेखाली मात्र एकच गादी.”

“दुसरा,” बायको म्हणाली.

“तिसरा,” तो म्हणाला.

दोघांनी इतकं एकदम म्हटलं की विक्रेतीने आधी याच्याकडे, मग तिच्याकडे पाहिलं.

“का हो?” बायकोने विचारलं. खरंच कुतूहलाने विचारलं.

रिमोट तिच्याकडे होता आणि तो अजून दुमडलेलाच होता, त्यामुळे त्याला गुडघ्यांच्या वरून बोलावं लागलं. तो मजबुतीबद्दल बोलला. दोन वेगळे सांगाडे असले की वजन चार-चार चाकांवर वेगळं पडतं, जमीन सपाट नसली तर दोन्हींची उंची एकसारखी राहत नाही, फट रुंदावते, चादर अडकते. पायथा एकसंध असला तर सांगाड्याला पीळ बसत नाही. तो छान बोलला. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. विक्रेती मान डोलावत होती, आणि बायको त्याच्याकडे जशी बघत होती तसं बघताना त्याने तिला एकदाच पाहिलं होतं. तो तिला न्यायला तिच्या क्लिनिकमध्ये गेला होता. काचेपलीकडच्या बंद खोलीत कानांवर यंत्र चढवून बसलेला एक लठ्ठ माणूस होता, आणि ती काचेतून त्या माणसाकडे अशीच बघत होती. मऊ, सावकाश, अगदी माया असावी तशी.

“माझ्याकडे येतात ना असे,” ती विक्रेतीला म्हणाली, जणू विषय बदलत होती. “कारखान्यात कान गेले म्हणून भरपाई मागणारे. ऐकू येत असतं, पण येत नाही असं दाखवायचं. खरा बहिरा चुकतो तो वेडावाकडा चुकतो. खोटा नियमाने चुकतो. दोन मिनिटांत कळतं.”

“मग तुम्ही सांगता त्यांना?”

“छे! कशाला सांगायचं? बिचारे इतकी मेहनत घेतात. मी आपली शिट्टी वाजवत राहते, ते आपले बहिरे होत राहतात. वेळ झाली की सही करून पाठवून देते.” मग ती याच्याकडे वळली. “घोरण्याचंही तसंच असतं, नाही का हो? खऱ्या घोरण्याला ताल नसतो. मध्येच श्वास अडकतो, मध्येच गिळतात. ती शेवटी फुरफुर येते ना, ती खऱ्याला कधीच नसते.”

कोपऱ्यातलं जोडपं निघून गेलं होतं. दालनात आता माणसं तीन. कुठल्यातरी पलंगाची मोटर बंद करायची राहून गेली होती, तिचा घूं असा बारीक आवाज येत होता. तो आवाज तिला कधीचा ऐकू येत असणार.

“मग,” त्याने विचारलं, “फुरफुर ऐकल्यावर तू काय करायचीस?”

“काय करणार? टाच.” ती म्हणाली. “खरं असो नाहीतर खोटं, आवाज तो आवाजच. सकाळी कामावर जायचं असायचं मला. माझे कान म्हणजे माझं पोट आहे, अहो. तुमची करमणूक होत होती, माझी झोप जात होती.”

हे ती चिडून बोलली नाही. त्यात तक्रारसुद्धा नव्हती, आणि तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्याला त्या दिव्यांत प्रथमच नीट दिसली. तिने बटण दाबलं. पलंग उलगडत गेला, भिंत खाली गेली, छत परत आलं, आणि तो पूर्ण सपाट झाल्यावर ती विक्रेतीला म्हणाली, “तिसराच द्या. ह्यांना पायथा जोडलेला हवाय ना, असू दे. फक्त ते यंत्र बसवून द्या, ते घोरणं ओळखणारं.”

“सेन्सर? हो मॅडम, येतो ना. गादीच्या आतच असतो. सर घोरायला लागले की त्यांची बाजू आपोआप सात अंश वर जाते, पाच मिनिटांनी परत खाली. तुम्हाला काहीच करावं लागणार नाही. कळणारसुद्धा नाही.”

“हेच हवंय,” बायको म्हणाली. “काहीच करावं लागायला नको.”

परतताना गाडी ती चालवत होती. तो शेजारी बसून नडगी खाजवत होता. पँटवरूनच. जे गेलं ते गेलं, पण शास्त्रात एक सोय असते : शंभर नोंदी खोट्या निघाल्या आणि एक खरी टिकली, तर त्या एकीवर माणूस उभा राहू शकतो. त्याच्याकडे एक होती. पहिली. चौकशीच्या दिवसांतली. त्या रात्री तो जागा होता, टक्क जागा. खोटं घोरणं तेव्हा सुरू व्हायचं होतं आणि जागा माणूस खरं घोरत नाही. म्हणजे त्या रात्री आवाज नव्हता. आवाज नसताना टाच आली होती. तो ही नोंद आतल्या आत उलटसुलट करून बघत होता, तिला कुठे भेग नव्हती. सिग्नलला गाडी थांबली. गप्प बसला असता तर ती नोंद त्याच्याकडे राहिली असती. पण पडताळा न घेता सही करणं त्याच्या हाडात नव्हतं.

“तुला तो पोस्टमन आठवतो?” त्याने विचारलं. “माझी चौकशी चालली होती.”

“आठवतो की. तुम्ही जेवत नव्हता.”

“त्या वेळी एकदा रात्री तू पाय ठेवला होतास. मी घोरत नव्हतो. जागा होतो.”

ती सिग्नलकडे बघत आठवत राहिली. आठवताना ती नेहमी डोकं किंचित उजवीकडे कलवी, कान देत असल्यासारखं. त्या क्षणी त्याला ती फार आवडली.

“तेव्हा होय,” ती म्हणाली. “दात खात होतात तुम्ही.”

“काय?”

“दात. करकरा. महिनाभर चाललं होतं. दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये माझ्याच कानांत करकर व्हायची. हाका मारल्या तर ऐकू येईना तुम्हाला, मग म्हटलं पाय लावून बघावं. थांबलात.” सिग्नल सुटला. तिने गियर टाकला. “तेव्हाच तर मला ती युक्ती सापडली.”

पलंग पुढच्या रविवारी सकाळी आला. दोन माणसांनी तो जोडला, जुनी गादी उभी करून बाहेर नेली. तिच्यात दोन खड्डे होते, त्याचा खोल, तिचा उथळ, आणि मध्ये कुणीच न वापरलेला उंचवटा. दुपारी जेवण झाल्यावर बायको तिच्या बाजूला आडवी झाली, टेबलासारखी सपाट, आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “काय सुख आहे हो!” थोड्या वेळात तिचा श्वास संथ झाला. तो तिच्या शेजारी आला. खिडकीतून ऊन येत होतं, पडदा अर्धा ओढलेला होता. उशाकडे दोघांच्या गाद्यांमध्ये बोटभर फट होती, कमरेखाली काही नव्हती. तिचे पाय त्याच गादीवर होते ज्या गादीवर त्याचे होते. तिने पायमोजे घातले नव्हते. त्याने कामाच्या पिशवीतून कोन मोजायचं छोटं यंत्र काढलं, डोक्याजवळच्या पट्टीवर ठेवलं. शून्य दाखवेपर्यंत थांबला. मग उताणा झाला, पँटचा पाय नडगीपर्यंत वर सरकवला आणि तिच्या दिशेला थोडा पुढे केला, तिला फार सरकावं लागू नये इतका.

तो घोरला. ताल सोडून, मध्ये श्वास अडकवून, एकदा गिळून. फुरफुर त्याने काढली नाही.

तिच्या बाजूला गादी किंचित हलली. पाय हलले असावेत. तो घोरत राहिला. गादीचं हलणं थांबलं, आणि त्याच्या पाठीखालून मोटर सुरू झाली, धक्का नाही, कुरकुर नाही. छत थोडं खाली सरकलं. त्याने मान वळवून यंत्रावरचा आकडा वाचला. पाच मिनिटं थांबला, पलंग खाली गेला, शून्य आलं. पुन्हा घोरला. पुन्हा थांबला. पुन्हा घोरला.

तीनदा. तिन्ही वेळा सहा पूर्णांक नऊ अंश.